संथ मालिकांचा निवाडा दोन भागांवर नको

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

‘प्लुरिबस’ या मालिकेचे पहिले पर्व २०२५च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ॲपल टीव्हीवर आठवड्यागणिक येत होते, तेव्हापासून मालिकाप्रेमींमध्ये एक वाद रंगला आहे. नऊ भागांत घडते तरी काय, असा एका बाजूचा सवाल आहे; जरा धीर धरा, पुढे फळ मिळेल, असे दुसरी बाजू सांगते. मला स्वतःला ही मालिका आवडली, तरी तिची बाजू घेणाऱ्यांचे हे उत्तर तिच्यावरच अन्याय करणारे आहे असे वाटते. आजचा भाग कसाबसा सोसायचा आणि आनंद पुढच्या कुठल्यातरी भागात मिळायचा, हे त्यात मान्यच करून टाकलेले असते. चांगली संथ मालिका प्रेक्षकाला असे ताटकळत ठेवत नाही. प्रत्येक भागात ती त्याच्या पदरात काही ना काही टाकत असते आणि पुढची कलाटणी त्या साठलेल्या ऐवजाच्या बळावरच येते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘बेटर कॉल सॉल’. व्हिन्स गिलिगन आणि पीटर गूल्ड यांची ही मालिका २०१५ ते २०२२ या काळात सहा पर्वे आणि ६३ भाग चालली. गिलिगन यांच्याच आधीच्या ‘ब्रेकिंग बॅड’ या मालिकेच्या थराराची सवय घेऊन आलेले अनेक प्रेक्षक तिच्या पहिल्याच पर्वात कंटाळले, कारण तिथे बराच वेळ जिमी मॅकगिल हा धडपड्या वकील आणि त्याचा थोरला भाऊ चक यांच्यातच जातो. चक हा नामांकित वकील. पण विजेच्या सान्निध्यात आपल्या शरीराला यातना होतात, अशी त्याची पक्की समजूत झालेली असते. त्यामुळे घरातली वीज बंद, रात्री कंदील, आणि भेटायला येणाऱ्याने फोन, घड्याळ, किल्ल्या बाहेरच्या टपालपेटीत ठेवूनच उंबरा ओलांडायचा असा दंडक. जिमी त्याच्यासाठी बर्फ आणि वर्तमानपत्रे घेऊन येतो. ही दृश्ये वारंवार येतात आणि दर वेळी जिमीची माया व ती स्वीकारताना चकला वाटणारा कमीपणा थोडा अधिक उघडा पडतो.

(ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही आणि पाहायची आहे, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.)

तिसऱ्या पर्वाच्या पाचव्या भागात जिमीच्या सनदेचा फैसला करणारी सुनावणी आहे आणि साक्षीदाराच्या जागी चक बसला आहे. जिमी खिशातून फोन काढून दाखवतो. त्यातली बॅटरी काढलेली असणार हे चक क्षणात ओळखतो आणि भावाचा डाव हाणून पाडल्याच्या समाधानात तसे बोलूनही दाखवतो. मग जिमी त्याला स्वतःच्याच कोटाचा खिसा चाचपायला सांगतो. ती बॅटरी जवळजवळ पावणेदोन तास तिथेच असते आणि चकला कसलाही त्रास झालेला नसतो. चकचा तोल सुटतो आणि धाकट्या भावाविषयी आयुष्यभर दाबून ठेवलेला कडवटपणा सर्वांदेखत बाहेर पडतो. ज्याने आधीचे कंदील, ती टपालपेटी आणि तो बर्फ पाहिलेला नाही, त्याला हा प्रसंग सांगितला तर समजेल, पण त्याचा घाव बसणार नाही. मात्र ती आधीची दृश्ये केवळ या एका प्रसंगाची तयारी म्हणून बेतलेली असती, तर मीही कंटाळून मालिका सोडली असती. दोन भावांमधले ते अवघडलेपण त्या त्या वेळीही पाहण्याजोगे होते, म्हणून मी थांबले.

‘प्लुरिबस’ याच गिलिगन यांची आहे. तिच्यात एका विषाणूमुळे जवळजवळ सारी मानवजात एका मनाने जोडली जाते आणि मूठभर माणसेच वेगळी उरतात. त्यांतली एक म्हणजे कॅरोल ही लेखिका. तिच्या वागण्याला कंटाळून एका मनाने जोडलेले ते सगळे तिचे शहर सोडून निघून जातात. त्यानंतर कॅरोल काही हवे असले की फोन लावते, आणि दर वेळी तिला तोच ध्वनिमुद्रित संदेश अथपासून इतिपर्यंत ऐकावा लागतो: आमच्या भावना बदललेल्या नाहीत, पण आम्हाला थोडे अंतर हवे आहे. तो संदेश आपल्यालाही पुन्हा पुन्हा ऐकवला जातो, याबद्दल अनेकांनी तक्रार केली. मला तो निर्णय अचूक वाटला, कारण रिकाम्या शहरात एकटे पडणे म्हणजे काय, हे दोन मिनिटांत गुंडाळले असते तर पुढे तीच कॅरोल रस्त्यावर रंगाने ‘परत या’ असे का लिहिते, हे पटलेच नसते. सातव्या भागात तिच्या एकटेपणाचे उद्योग जरा जास्तच लांबले आहेत, हे मात्र मान्य करावे लागेल. त्याच भागात मानूसोस हा वेगळ्या उरलेल्यांपैकीच एक, कोणाचीही मदत न घेणारा माणूस पॅराग्वेहून उत्तरेकडे निघालेला दिसतो आणि वाटेत परक्या गाडीतून पेट्रोल काढून घेतले तरी तिथे पैसे ठेवून पुढे जातो. त्या प्रवासात संवाद जवळजवळ नाहीत, तरी त्या माणसाची उभी ओळख पटते.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला संथपणाचा इतका राग का येतो, हे समजण्यासारखे आहे. मालिकेत पाणी घालणे म्हणजे काय, हे त्याने वर्षानुवर्षे पाहिले आहे. खोलीत कोणीतरी एक वाक्य बोलते, मग उपस्थित प्रत्येकाचा चेहरा आळीपाळीने दिसतो, जाहिराती लागतात, आणि त्या संपल्यावर तेच वाक्य पुन्हा ऐकू येते. यात लेखक-दिग्दर्शकांपेक्षा व्यवस्थेचा दोष मोठा आहे. आठवड्याला सहा भाग द्यायचे, दर आठवड्याच्या टीआरपीकडे डोळे लावून बसायचे आणि लोकप्रियता टिकून आहे तोवर शेवट करायचा नाही, या अटींवर कथा आखून लिहिणे जवळपास अशक्यच आहे. २००१ साली सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ २०१३पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. अशा पसाऱ्यात वेळ जातो, पण त्या माणसांविषयी आपल्याला नवे काहीच कळत नाही. तरीही दैनंदिन मालिकेला दुसरी वाट नाहीच असे मी म्हणणार नाही. सिंधुदुर्गातील आकेरीच्या वाड्यात चित्रित झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’च्या २०१६च्या पहिल्या पर्वात घर, अंगण, मालवणी बोली आणि एकमेकांवरचा संशय यांना दिलेला वेळ वाया गेला नव्हता.

‘पहिले चार भाग कसेही काढा, मग बघा’ ही शिफारस तर मला अजिबात पटत नाही. ‘द वायर’ या अमेरिकी पोलीस-मालिकेबद्दल ती वर्षानुवर्षे ऐकू येते. वास्तविक त्या मालिकेच्या चौथ्याच भागात दोन पोलीस एका स्वयंपाकघरात जुन्या खुनाची जागा तपासतात आणि एकाच शिवीच्या निरनिराळ्या उच्चारांखेरीज काहीही न बोलता गोळी कुठून आली, कुठे गेली, हे शोधून काढतात. हे दृश्य ज्याला मिळाले त्याला आणखी कशाची वाट पाहायची गरज नाही, आणि ज्याला ते भावले नाही त्याने मालिका खुशाल सोडावी. दहा तास कोणाचेही फुकट नसतात.

आपल्या पुरवणीत मालिकांची परीक्षणे येतात, ती बहुधा पहिल्या दोन-तीन भागांवर बेतलेली असतात आणि ‘गती संथ आहे’ एवढ्यावर तारे ठरतात. माझी विनंती अशी की आठवड्याला एक या क्रमाने येणाऱ्या मालिकांवर पर्व संपल्यानंतर दुसरे परीक्षण छापावे, आणि त्यात सुरुवातीच्या भागांत घालवलेला वेळ पुढे कुठे कामी आला व कुठे नुसताच खर्ची पडला, हे प्रसंगांची नावे घेऊन सांगावे. शेवट उघड होण्याची भीती असेल तर वर तशी सूचना द्यावी. जाणते वाचक ती पाळतात.

आपली,
एक नियमित वाचक, ठाणे