कोळिष्टकं असू देत

मुलुंड
तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा व्हिडिओ कॉलवर मी तुला मागच्या दारची बाग दाखवत होते आणि तुला दिसली ती ग्रिलवरची कोळिष्टकं! बाबा मध्येच बोलत होते, म्हणून तेव्हा सांगायचं राहिलं. ती मी मुद्दाम ठेवली आहेत.

कपड्यांच्या दोरीच्या टोकाला शिंजिराच्या मादीने घरटं बांधलंय. जेमतेम १० सेंटिमीटरचा जीव. चोचीत कोळ्याचं जाळं गुंडाळून न्यायचं, त्याने गवताचे तंतू आणि सालींचे कपटे चिकटवायचे, असं करत तिने लोंबती पिशवी केली. दुरून कचराच वाटतो. कामाच्या मावशी झाडूने पाडणारच होत्या, मी ओरडले म्हणून वाचलं. जांभळ्या गळ्याचे नरमहाशय बांधकामाला फारसे हात लावत नाहीत. पिल्लांना भरवायला मात्र दोघंही असतात. (बाबा, यावर आई काय म्हणाली ते कळवा.)

तुम्ही दिलेली एकेरी लाल जास्वंद आता खिडकीच्या वर गेली आहे. शिंजीर तिच्या फुलात तोंड घालायच्या भानगडीत सहसा पडत नाही. देठाजवळ बाहेरूनच भोक पाडून मध पितो. त्यामुळे गणपतीला वाहायला काढलेल्या बऱ्याच फुलांना बुडाशी छिद्र असतं. असं फूल चालतं का, आई? मी वाहते आहे.

मध्यंतरी जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला. नर्सरीवाल्याने औषध दिलं होतं, ते फवारलं नाही. शिंजीर मध पितो खरा, पण पिल्लांना किडे आणि कोळीच भरवतो. मग किडलेले शेंडे छाटले, बाकी झाड पाण्याच्या जोरदार धारेने धुतलं. थोडा ढेकूण उरलाय, उरू दे.

झेंडू, पिटुनिया असलं दर हंगामाला उपटून नव्याने लावायचं मी बंदच केलं. तगर, कर्दळ, अबोली, एक्झोरा, सगळं बारमाही. एकदा रुजलं की मागे लागावं लागत नाही आणि पाखरांनाही ठिकाण पक्कं ठाऊक होतं. कढीपत्त्याची काळी फळं बुलबुल संपवतात. दयाळ पालापाचोळ्यात किडे शोधतो, म्हणून तो मी झाडत नाही. सोसायटीत यावरून कुरकुर आहे. दाणे मात्र ठेवत नाही. ठेवले की कबुतरं येतात आणि मग दुसरं कुणी येत नाही. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा गदारोळ झाला, तो तुम्ही टीव्हीवर पाहिलाच असेल.

आता मुद्द्याचं. नळाखालच्या ओल्या कोपऱ्यात सोनटक्का लावायचाय. विहिरीजवळच्या सोनटक्क्याचे दोन-तीन कंद, डोळे असलेले, ओल्या गोणपाटात बांधून आणा. आणा म्हणजे तुम्हीच घेऊन या, कुरिअर नको. चिपळूणहून जनशताब्दीने ठाण्याला उतरा, मी न्यायला येते. पावसाळी वेळापत्रकात गाडीच्या वेळा बदलतात, तेवढ्या बघून घ्या. बाबांच्या गुडघ्यांना पायऱ्या नकोत, आपलं घर तळमजल्यावर आहे. तेव्हा ती सबबही चालणार नाही. तिकीट मी काढते, फक्त तारीख कळवा.

तुमची,
धाकटी