फॉरमॅट मारण्याआधी माझं काम बघितलंस, त्याबद्दल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं नाव इथे लिहीत नाही, कारण तूच दोनदा बजावलंस. पण हे पत्र चार लोकांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं. गावोगाव माझ्यासारखी डीटीपीची, म्हणजे संगणकावर पत्रिका-अहवालांची पानं लावून देणारी, दुकानं आहेत. गेल्या सप्टेंबरात माझ्यापुढे जो प्रश्न होता, तो त्यांतल्या कितीतरी जणांपुढे अजून तसाच उभा आहे: विंडोज १० वरून ११ वर जायचं की नाही? तू दुकानात आलास की चहा आणि कामाच्या गडबडीत आभार राहूनच जातात. म्हणून आज लिहायला बसले.

तेव्हाचे दिवस तुला आठवत असतील. पितृपंधरवडा होता. पत्रिकांना सुट्टी, पण पतसंस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायच्या असतात, त्यामुळे अहवालांची झुंबड. ताळेबंदाची पानं लावता लावता मध्येच स्क्रीनभर निरोप यायचा, की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपतोय. मी तो बंद करायची आणि पुन्हा नफा-तोटा पत्रकाकडे वळायची. चौथ्या-पाचव्या वेळी मात्र पोटात गोळा आला. चौदा तारीख म्हणजे वसुबारसेच्या तीन दिवस आधी. दिवाळी झाली की तुळशीचं लग्न, आणि तिथून पुढे पत्रिकांचा हंगाम. माझ्या वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा त्या काही महिन्यांत येतो. नेमकं तेव्हा मशीन बसलं तर?

तुझ्याआधी मी एका दुकानात विचारून आले होते. "हे मशीन अकरा घेणार नाही मॅडम, नवीनच घ्या. नाहीतर दोन तास द्या, फॉरमॅट मारून काहीतरी करून अकरा टाकून देतो." फॉरमॅट म्हणजे मशीनवरचं सगळं पुसून टाकणं. पण मशीनवर मी काय करते, हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मशीन नेऊन द्यायचं ठरवलंही होतं. त्या संध्याकाळी तू प्रिंटरचा टोनर भरायला आलास.

मी तुला विचारलं, तेव्हा तू मशीनला हातसुद्धा लावला नाहीस. स्टूल ओढून शेजारी बसलास आणि म्हणालास, "काकू, दिवसभर तुम्ही यावर काय काय करता, ते एकदा करून दाखवा." आणि अहवालाच्या प्रूफचा एक पाठकोरा कागद पुढे ओढून लिहायला लागलास.

मी एक पत्रिका करून दाखवली. पानं लावायचं माझं जुनं सॉफ्टवेअर, पेजमेकर ७, उघडलं. वर "श्री गजानन प्रसन्न", मग "चि. सौ. कां.", मामा-काका-आत्यांची नावं, तळाशी लहान मुलांची ओळ, "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" तू मध्ये मध्ये विचारत होतास. हा फॉन्ट कुठून येतो? मागे हिरवा दिवा लागलेलं ते काय? मी सांगितलं, ते मशीनच्या मागे खोचायचं लॉक. मराठी फॉन्टांचं सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा सोबत आलेलं. ते लावलेलं नसेल तर मराठी टाईपच होत नाही. तू कागदावर 'लॉक' लिहिलंस आणि त्याखाली दोन रेघा मारल्यास. मग जुन्या फायली किती आहेत विचारलंस. २००६ पासूनच्या सगळ्या, असं मी म्हणाले. कोणाच्या आजीच्या पंचाहत्तरीची पत्रिका केलेली असते आणि त्याच घरचे लोक पुढे दशक्रियेचं कार्ड करायला येतात. नावं, आडनावं, पत्ता सगळं त्या फायलीत असतं. तेही तू लिहून घेतलंस.

मग मशीनची माहिती उघडून मला दाखवलीस. प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा, रॅम ४ जीबी, आणि त्याखाली '३२-बिट' असं लिहिलेलं. विंडोज दोन प्रकारांत येते, ३२-बिट हा जुना आणि ६४-बिट हा नवा. इतकी वर्षं मी ते मशीन वापरतेय, पण त्या शब्दावर माझा सगळा धंदा उभा आहे हे मला ठाऊक नव्हतं. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच निघालेली नाही, ती फक्त ६४ मध्ये येते. आणि ३२ वरून ६४ वर आहे त्याच्यावरच चढवता येत नाही, पाटी पुसूनच सुरुवात करावी लागते. शिवाय तिला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. तू एक छोटी खिडकी उघडून दाखवलीस की माझ्या मशीनमध्ये ती नाही. "या अटी चुकवून अकरा बसवता येतं काकू, मला येतं ते. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. अपडेट मिळावेत म्हणून तर आपण हे सगळं करतोय ना?" हे इतक्या सरळ शब्दांत मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी म्हणाले, अरे पण २०१६ मध्ये सातवरून दहावर गेले तेव्हा काहीच बिघडलं नव्हतं. फुकट मिळायची मुदत जुलैअखेर संपत होती, म्हणून रात्री लावून ठेवलं आणि सकाळी येऊन पत्रिका केली. तू समजावलंस, की तेव्हा ३२ वरून ३२ वरच गेलात, म्हणून फायली, फॉन्ट, लॉक सगळं जागच्या जागी राहिलं. या वेळचा प्रकार निराळा आहे.

आणि मग तू जे केलंस, ते मी विसरणार नाही. पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढलास. त्यावर अकरा होतं. माझं लॉक काढून त्याला लावलंस. हिरवा दिवा लागला, माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच स्क्रीनवर आलं की ड्रायव्हर, म्हणजे लॉक आणि विंडोजची गाठ घालून देणारा छोटा प्रोग्रॅम, बसत नाही. तू तीन-चार वेगवेगळ्या तऱ्हांनी करून बघितलंस. साधा ३२-बिटचा प्रोग्रॅम ६४ वर बहुतेक वेळा चालून जातो, म्हणजे पेजमेकर कदाचित चाललंही असतं. पण लॉकचा ड्रायव्हर विंडोजच्या पोटात जाऊन बसतो, तो ६४ चाच लागतो. आमच्या लॉकचा तसा नव्हताच. मग तू माझ्या एका जुन्या फायलीतला मजकूर तिथे उघडलास. "श्री गजानन प्रसन्न"च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, आकडे, नुसता कालवा. त्या जुन्या फॉन्टांत मराठी मुळात नसतंच, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट गेला की आकार जातात आणि खालचं इंग्रजी उघडं पडतं.

मी त्या स्क्रीनकडे बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी मशीन फॉरमॅटला दिलं असतं, तर ऐन हंगामात माझ्या हातात हेच आलं असतं. तू हे माझ्या मशीनवर होऊ दिलं नाहीस, स्वतःच्या लॅपटॉपवर करून दाखवलंस. त्याबद्दल मी तुझी आयुष्यभर ऋणी आहे.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. म्हटलं, राहू दे मग, आहे तसंच चालवते. तिथेही तू मला अडवलंस. चौदा तारखेनंतर मशीन बंद पडणार नाही, पण विंडोजमध्ये नवी भोकं सापडत राहतात आणि दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ती बुजवण्याचं जे काम होतं, ते थांबेल. आणि याच मशीनवरून मी बँकेचे व्यवहार करते, जीएसटी भरते, गिऱ्हाईक आणील तो पेनड्राइव्ह लावते. तू आवाज चढवला नाहीस, पण "हे मात्र चालणार नाही काकू" असं म्हणालास. मला तेव्हा थोडा राग आला होता. आज सांगते, तुझंच बरोबर होतं.

तू सुचवलेला मार्ग सगळ्यांना कळावा म्हणून लिहिते. विंडोज १० ला आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेचे अपडेट मिळण्याची सोय होती. सेटिंग्जमध्ये जाऊन नाव नोंदवायचं, आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर त्याचे पैसे पडत नव्हते. तू ते करून दिलंस आणि म्हणालास, "आता घाईनं काही ठरवायचं नाही. हंगाम निघू दे." घाई नाही, हे ऐकून मी त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोपले.

दसऱ्यानंतरच्या रविवारी तू हार्डडिस्कची नक्कल करायला आलास. ३२० जीबीची जुनी डिस्क, तिचा तो बारीक करकर आवाज, आणि समोर रेंगाळणारी टक्केवारी. नक्कल पूर्ण झाल्यावर मी उठायला लागले, तर तू थांबवलंस. जुनी डिस्क काढून ठेवलीस, नवी बसवलीस, मशीन सुरू केलंस आणि मला वेगवेगळ्या वर्षांच्या पाच फायली उघडायला लावल्यास. एकीची ट्रेसिंग, म्हणजे छपाईला द्यायची पारदर्शक कागदावरची प्रत, काढायला लावलीस. ती स्वच्छ, काळीभोर निघाली, तेव्हाच तू पाणी प्यायलास. जुनी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून, वर तारीख घालून माझ्या हातात दिलीस आणि घरी कपाटात ठेवायला सांगितलंस, दुकानात नाही.

हंगाम व्यवस्थित पार पडला. एकही पत्रिका अडली नाही.

मग गुढीपाडव्याला नवीन मशीन आलं. नवीन म्हणजे वापरलेलंच, पण आठव्या पिढीचं, ८ जीबी रॅम, आत एसएसडी नावाची वेगवान डिस्क, आणि अटी न चुकवता बसवलेलं विंडोज ११. कोऱ्या मशीनच्या निम्म्याहून कमी पैशांत. मला हौसेनं भारी काहीतरी घ्यायचं होतं, पण तू पाठकोरा कागद पुढे केलास आणि माझं काम किती आहे ते माझ्याच तोंडून वदवून घेतलंस. जुन्या मशीनची नेटची वायर त्याच दिवशी काढली. आता मेल, बँक, जीएसटी आणि गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह नव्यावर. जुन्या फायली आणि लॉक जुन्यावर. जुन्यावरून पीडीएफ काढायची आणि तू लाल टेप लावून दिलेल्या एकाच पेनड्राइव्हनं इकडे आणायची. तो पेनड्राइव्ह दुसरीकडे कुठेही जात नाही.

युनिकोडचा, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीचा, तुझा आग्रह मला जड गेला, हे खरं. माझी बोटं टाईपरायटरच्या वळणाची. 'कि' काढायचं तर आधी पहिली वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. पहिले पंधरा दिवस प्रत्येक शब्दाला अडखळत होते. रूपांतर करून आणलेल्या मजकुरात 'कऱ्हाड'चा ऱ्ह तुटलेला, 'दर्‍या'चा दर्या झालेला. आणि पुष्कळ तयार फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. 'लक्ष्मी' लिहिलं की माझ्या डोळ्यांना खुपतं. मी ते तुला दाखवलं तेव्हा तू उडवून लावलं नाहीस. मराठी वळणाचा ल आणि श असलेले फॉन्ट शोधून आणलेस आणि प्रत्येकाचा एक-एक नमुना छापून भिंतीवर लावायला दिलास. पत्रिकेतलं एक अक्षर माझ्यासाठी किती महत्त्वाचं आहे, हे तुला समजलं. संगणकातलं ज्ञान पुष्कळांना असतं रे. समोरच्याच्या कामाची अशी बूज राखणारा माणूस मला तुझ्यात भेटला.

आता दर शनिवारी दुपारी जुन्या फायलींतल्या दहा-दहा काढून युनिकोडमध्ये आणते. सगळ्या नाही आणणार. ज्या घरांशी अजून येणंजाणं आहे, त्यांच्या आधी. जुनं मशीन आणखी किती वर्षं चालेल ते त्याचं त्याला ठाऊक, पण ते थांबेल त्या दिवशी माझा हात रिकामा नसेल.

तू डिस्कचे पैसे घेतलेस आणि त्या सगळ्या संध्याकाळचे, त्या रविवारचे घेतले नाहीस. मी पुढे केले तर "नंतर बघू काकू" म्हणालास. ते नंतर आता आलंय. परवा तुझी आई बाजारात भेटली. बहिणीचं ठरलं, मुहूर्त काढायला टाकलाय म्हणाली. मॅटर मेलवर पाठव, नव्या मशीनवर येईल. दोन्ही घरच्या आजी-आजोबांची नावं नीट विचारून घे, कोणाच्या नावापुढे कै. आहे आणि कोणाच्या नाही ते दोनदा तपास. फॉन्ट भिंतीवरचा तिसरा घेतलाय, त्यातला ल सगळ्यांत देखणा आहे. वरची "चि. सौ. कां." मी लावूनही ठेवलीय, पुढची जागा तेवढी मोकळी आहे.

तुझी,
काकू