देणगीच्या वस्तूंची देखभाल कोणी करायची?

संपादक महोदय,

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतील पंचमंडळींनी घरोघरी वर्गणी गोळा करून शहरातील एका उद्यानाला पिण्याच्या शुद्ध पाण्याचे यंत्र दिले. चकचकीत स्टीलची टाकी, तीन नळ आणि वर दात्यांची नावे कोरलेला संगमरवरी फलक असा सगळा थाट होता. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. पहिला उन्हाळा यंत्राने चांगला काढला. पावसाळ्यानंतर मात्र आतील गाळणी बदलायची वेळ आली आणि ती कोणी बदलायची, यावर घोडे अडले. वस्तू एकदा दिली म्हणजे आपले काम संपले, असे पंच समजत होते. ज्यांनी वस्तू बसवली त्यांनीच तिची दुरुस्ती करावी, असे संबंधित कार्यालयाचे म्हणणे होते. आज त्यातील एक नळ गायब आहे, उरलेल्या दोहोंना शाळकरी मुले दप्तरे अडकवून खेळायला पळतात. फलकावरील नावे तेवढी अजून स्वच्छ वाचता येतात.

सार्वजनिक कामासाठी हात सैल सोडणे बेळगावला नवे नाही. 1924 च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा प्रतिनिधींच्या पाण्यासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आजही ‘काँग्रेस विहीर’ म्हणूनच ओळखली जाते. गणेशोत्सवात आणि शिवजयंतीला वर्गणीची पावती न फाडलेले घर आपल्याकडे शोधूनही सापडायचे नाही. तेव्हा देणाऱ्यांची वाण आहे असे मुळीच नाही. दिलेले नीट घेण्याची आणि सांभाळण्याची व्यवस्था तेवढी कच्ची आहे.

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत काही गोष्टी कायद्यानेच ठरलेल्या आहेत. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ज्या कंपनीचा निव्वळ नफा 5 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक असेल, अथवा जिची उलाढाल किमान 1000 कोटी किंवा निव्वळ मालमत्ता किमान 500 कोटी असेल, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात आणि त्यात आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती सार्वजनिक प्राधिकरण, नोंदणीकृत संस्था किंवा लाभार्थी गट यांच्याकडेच जावी लागते. येथील उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील बहुतेक लहान फौंड्री आणि यंत्रशाळा या मर्यादांच्या खाली असल्याने त्यांच्यावर असे बंधन नाही. ते जे देतात ते आपखुशीने देतात, आणि म्हणूनच एकदा वाईट अनुभव आला की पुन्हा वाटेला जात नाहीत.

आणखी एक गोष्ट दात्यांना सहसा कोणी सांगत नाही. महापालिकेसारख्या स्थानिक संस्थेला धर्मादाय कामासाठी दिलेल्या देणगीवर आयकरात काही अटींवर सवलत मिळू शकते, पण ती जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच. आणि वस्तुरूपाने दिलेल्या देणगीवर किंवा 2000 रुपयांहून अधिक रोख रकमेवर ती मिळत नाही. आम्ही धनादेश देऊन पावती घेतली असती, तर पैसे कोणत्या कामासाठी दिले याची निदान कागदोपत्री नोंद राहिली असती.

देणगीला हक्काच्या खर्चाची जागा घेऊ देऊ नये, हेही सांगितले पाहिजे. कर्नाटकातील नगरसंस्थांना अनुसूचित जाती-जमातींसाठी 24.10 टक्के, इतर गरीब व दुर्बल घटकांसाठी 7.25 टक्के आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के निधी राखून ठेवावा लागतो. एखाद्या दात्याने तीनचाकी सायकली दिल्या म्हणून त्या निधीला कात्री लागता कामा नये. शिवाय दाता डोळ्यांना दिसेल तेच देतो. बेघरांच्या निवारा केंद्राला चादरी आणि गाद्या देणारे पुष्कळ मिळतील, पण तेथे रात्रपाळी करणाऱ्या राखणदाराच्या पगारासाठी कोणी फलक लावून घेत नाही. तो खर्च घरपट्टीतूनच झाला पाहिजे.

माझी मागणी साधी आहे. कोणतीही देणगी स्वीकारण्यापूर्वी महापालिकेने दात्याशी एक पानी करार करावा आणि त्यात वस्तू कोणाच्या ताब्यात राहील, वीज-पाण्याचे बिल कोण भरेल, तीन वर्षांची देखभाल कोणाकडे असेल, हे लिहावे. अशा देणग्यांची यादी 58 पैकी प्रत्येक प्रभागात ठळक जागी लावावी, आणि ती कन्नडबरोबर मराठीतही असावी. हे मी भाषेचा वाद उकरून काढण्यासाठी लिहीत नाही. ज्या आजीने कनवटीचे पन्नास रुपये काढून दिले, तिला ते कुठे गेले हे स्वतः वाचता आले पाहिजे, एवढेच.

आमचे पंच दुरुस्तीसाठी पुन्हा वर्गणी काढायला तयार आहेत. धनादेश कोणाच्या नावाने काढायचा, असे विचारणारा अर्ज आम्ही संबंधित कार्यालयाला दिला आहे. त्याच्या उत्तराची वाट पाहत आहोत.

आपला नम्र,
एक वाचक, शहापूर, बेळगाव