नर्मदेच्याही आधीचं पाणी

संपादक साहेब, स.न.वि.वि.

इंदूरला आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड येतो, परवा पहाटे पिंप भरताना नातीने विचारलं, आजी हे पाणी येतं कुठून, म्हटलं नर्मदेचं गं, सत्तर किलोमीटर लांबच्या जलूदहून पंपाने वर चढवून आणतात, 1978 पासून. नर्मदेत कुठून? पावसाचं. आणि पावसात?

पाणी म्हणजे हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. हायड्रोजन विश्वाच्या सुरुवातीचा, जवळजवळ 1380 कोटी वर्षं जुना, ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात शिजलेला. पृथ्वीवर हे पाणी काही इथल्याच खडकांतून आलं, काही लघुग्रहांनी आणलं असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. आधी धूमकेतूंचं नाव घ्यायचे, पण 2014 मध्ये रोझेटा यानाने एका धूमकेतूची वाफ तपासली तर त्यात जड हायड्रोजनचं (हायड्रोजनचाच दुप्पट वजनाचा अणू, त्याचं प्रमाण म्हणजे पाण्याची जणू ओळखखूण) प्रमाण आपल्या समुद्राच्या तिप्पट निघालं, म्हणजे तसल्या धूमकेतूंचं तरी हे पाणी नसावं. मला हे फार विलक्षण वाटतं.

शाळेच्या पुस्तकातलं जलचक्र ढगापाशी सुरू होतं नि ढगापाशीच संपतं. तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी यावर चित्रांसकट एक लेख द्या ना. तांब्या उन्हात धरून नात विचारतेय, "आजी, यातलं काही सूर्यापेक्षाही जुनं आहे?"

– एक आजी, इंदूर