हाऊसगल्लीत उतरणाऱ्या माणसासाठी : नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय, सप्रेम नमस्कार.

मुंबईतल्या मांडवी, डोंगरी, भुलेश्वरच्या जुन्या इमारतींच्या रिडेव्हलपमेंटवर खूप बोललं जातं, पण दोन बिल्डिंगांच्या मधे जी अंधारी हाऊसगल्ली असते तिच्याबद्दल कुणी काही बोलत नाही म्हणून लिहितोय.

या गल्ल्या राणी व्हिक्टोरियाच्या काळापासूनच्या. घराच्या मागे टोपलीचे संडास असायचे आणि मैला न्यायला हलालखोर, म्हणजे सफाई कामगार, या गल्लीतून शिरायचे, वरच्या मजल्यांचं सांडपाणी पण तिथेच. हे काम कुणाच्या वाट्याला येणार ते जातीवरूनच ठरलेलं.

सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. धान्याच्या गोदामांमुळे तिथे उंदीर भरपूर, पण रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा साहेब लोकांना माहीत नव्हतं, घाण हेच कारण धरून गटारं धुतली, घरांना चुना फासला, पेशंटना जबरदस्तीने हलवायचे हुकूम निघाले. लोक इतके घाबरले की काही महिन्यांत जवळपास निम्मी मुंबई रिकामी झाली.

आणि 1896 च्याच ऑक्टोबरमध्ये ते हुकूम सौम्य करावे लागले, त्याचं एक मोठं कारण म्हणजे हलालखोर. तेही शहर सोडून गेले तर मुंबईत राहणंच अशक्य होईल ही भीती तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांना होती. म्हणजे एवढं मोठं शहर कुणाच्या खांद्यावर उभं आहे हे सरकारला तेव्हाच कळलं होतं! पण पुढे 1898 ला शहर सुधारायला म्हणून सरकारचा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, रस्ते रुंद झाले, खोल्या पाडल्या आणि बेघर झालेले गरीब शेजारच्या चाळींत आणखी दाटीवाटीने राहायला लागले.

टोपल्या गेल्या, गल्ल्या राहिल्या. आजही खिडकीतून कचऱ्याच्या पिशव्या खाली पडतात, पाइप गळतात, उंदीर तर आहेतच, आणि पावसाळ्याआधी त्या चिखलात उतरतो तो माणूसच. लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा धोका सगळ्यात आधी त्याला.

माझं मागणं एवढंच की हे काम करणाऱ्यांना कायम नोकरीत घ्या, गमबूट, ग्लोव्हज आणि लेप्टोची गोळी वेळेवर मिळते का याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर नाव घेऊन टाका, आणि रिडेव्हलपमेंटचा प्लॅन पास करताना मागच्या बाजूला माणूस सरळ उभा राहून चालू शकेल एवढी जागा सोडलीय का ते बघितल्याशिवाय सही करू नका.

आपला,
एक मुंबईकर