पहिल्या चित्राशेजारी एकविसावं ठेवणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

माझी लेक हे पत्र इंग्रजीत करून तुम्हाला आणून देणार आहे, पण आधी मराठीत लिहिल्याशिवाय मला राहवेना. लंडनहून सांगलीला परतून पंधरा दिवस झाले, तरी तुमच्या चित्रसंग्रहाच्या अभ्यासिकेतलं ते टेबल डोळ्यांपुढून हलत नाही.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही आणखी एका ठिकाणी गेलो होतो. "संशोधक आहात का?" एवढंच विचारून त्यांनी आम्हाला वाटेला लावलं. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, हे सांगूही दिलं नाही. ते अजून सलतं.

तुम्ही मात्र इंग्रज कवी-चित्रकार विल्यम ब्लेकने कोरलेला ईयोब, बायबलमधला सत्त्वपरीक्षा सोसणारा माणूस, समोर आणून ठेवलात. 1826 साली निघालेली ती चित्रमाला. पहिलं चित्र जेमतेम वितीएवढं. झाडाखाली ईयोब आणि त्याची बायको मांडीवर पोथ्या उघडून बसलेत, मुलं-मुली गुडघे टेकून प्रार्थना करतायत, पुढ्यात मेंढ्या झोपल्यात. आणि वाद्यं? सगळी झाडाला टांगलेली! मी पार वाकून बघत होते, तर तुम्ही भिंग हातात दिलंत. मग कुणी न सांगता शेवटचं, एकविसावं चित्र काढून पहिल्याच्या शेजारी ठेवलंत. तेच झाड, तेच कुटुंब, पण आता सगळे उभे राहून वाजवतायत, गातायत. पहिल्यात मावळणारा सूर्य इथे उगवतोय. मधल्या चित्रांत त्या माणसाची मुलं, गुरं, धडधाकट शरीर, सगळं गेलेलं असतं.

अण्णा गेल्यापासून आमच्या घरातले टाळ खुंटीलाच आहेत. मला रडू आवरेना. तुम्ही दोन्ही चित्रं हलकेच चार बोटं मागे सरकवलीत आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिलात. चित्रंही जपलीत, मलाही जपलंत.

हे काम ब्लेकला 1823 साली जॉन लिनेलने दिलं. ब्लेक पासष्टीचा, हाताशी पैसा नाही. लिनेल त्याच्या निम्म्या वयाचा चित्रकार. छाप फारसे खपले नाहीत, तरी तो ब्लेकला थोडेथोडे पैसे पोचवत राहिला. अशी माणसं आहेत म्हणून ही चित्रं आहेत, आणि तुमच्यासारखी आहेत म्हणून ती माझ्यासारखीला बघायला मिळतात.

तुमचं नाव गळ्यातल्या कार्डावर होतं. डोळे भरले होते, वाचता आलं नाही. लेकीला सांगितलंय, पत्र हातात देताना आधी नाव विचार.