दोष फक्त चालकाचा?

महोदय,

मुंबई-गोवा महामार्गावरील अपघातांना ‘चालकांची बेफिकिरी’ जबाबदार ठरवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. तो अर्धेच सत्य सांगतो.

दिल्लीच्या आयआयटीतील दिवंगत प्रा. दिनेश मोहन यांनी हयातभर याच समजुतीशी झुंज दिली. मुंबई आयआयटीत शिकून, अमेरिकेत संशोधन करून ते १९७९मध्ये परतले. मळणीयंत्रात शेतकऱ्यांचे हात जात, तेव्हा त्यांनी शेतकऱ्याला सावधगिरीचे धडे देत न बसता यंत्राची रचना सुरक्षित करण्यावर काम केले. रस्त्याबाबतही त्यांचा आग्रह तोच होता: माणूस चुकणारच, त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये. २०२१मध्ये कोरोनाने त्यांना नेले.

आमच्या संगमेश्वर परिसरात पाहा. चौपदरी रस्त्यावरून वाहन भरधाव येते आणि अचानक वळणरस्त्याला लागते. ना पुरेसे फलक, ना रात्री दिसणारे पट्टे, त्यात पावसाळ्यातले धुके. वेग ४०वरून ८० झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. शाळेतली मुले, बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या बायका हाच रस्ता ओलांडतात. त्यांनी कोणता नियम मोडला?

मोटार वाहन कायद्यात २०१९मध्ये आलेल्या कलम १९८-अ नुसार सदोष रचनेसाठी ठेकेदार व सल्लागारांनाही दंड होऊ शकतो. प्रत्येक प्राणघातक अपघाताच्या पंचनाम्यात रस्त्याच्या रचनेची तपासणी सक्तीची करावी आणि तिचा अहवाल ग्रामपंचायतीत लावावा.

– एक निवृत्त शिक्षक, संगमेश्वर